केंब्रिजच्या बिअर महोत्सवाला येताय? मग थर्ड मागा

काउंटरवर आल्यावर पाइंट मागू नका, थर्ड मागा. थर्ड म्हणजे पाइंटचा तिसरा हिस्सा, साधारण 190 मिली. दोनशेच्या वर बिअर समोर मांडलेल्या असताना एकीचाच पाइंट धरून बसलात तर दोन-तीन ग्लासांतच पोट भरतं, जीभ बोथट होते आणि संध्याकाळ संपते. थर्ड घेतलात तर तेवढ्याच बिअरमध्ये सहा-सात वेगळ्या चवी कळतात. महोत्सवाच्या ग्लासवर मापाच्या रेघा असतात. नेमक्या रेघेपर्यंत भरून घ्यायचा तुमचा हक्क आहे, थोडी कमी वाटली तर मोकळेपणाने सांगा.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीसाठी केंब्रिजला आले, इथेच राहिले आणि मे महिन्यातल्या बिअर महोत्सवाची स्वयंसेवक झाले. काउंटरच्या आतल्या बाजूला उभी असले की आपले मराठी लोक लांबून ओळखू येतात. चार-पाच जणांचा घोळका असतो, एकाच्या हातात यादी असते आणि बाकीचे त्याला सांगत असतात, "अवॉर्डवाली कुठली ते विचार ना." अवॉर्डवाली जरूर मागा. पण ते अवॉर्ड कोण देतं, कसं देतं आणि त्यात तुमचंही मत कसं धरलं जातं हे माहीत असेल तर महोत्सवाच्या तंबूतल्या संध्याकाळला वेगळीच रंगत येते. एवढ्यासाठीच हे सगळं लिहितेय.

कधी यायचं

हा महोत्सव 1974 मध्ये इथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या इमारतीत सुरू झाला. भरवते ती 'कॅम्रा', म्हणजे कॅम्पेन फॉर रिअल एल ('एल' हा बिअरचाच जुना इंग्लिश प्रकार). 1971 मध्ये स्थापन झालेली ही पिणाऱ्या ग्राहकांची संघटना आहे. त्या काळी मोठ्या ब्रुअऱ्या पाश्चराइज केलेली, वरून गॅस भरलेली बिअर देशभर खपवत होत्या आणि पिंपात जिवंत राहणारी जुनी बिअर पबांमधून नाहीशी होत चालली होती. ती टिकावी म्हणून साध्या गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन आवाज उठवला, त्यातून असे महोत्सव सुरू झाले. आज केंब्रिजचा महोत्सव कॅम नदीकाठच्या जीझस ग्रीनवर, मे महिन्याच्या उत्तरार्धात, सोमवार ते शनिवार भरतो. पिंपं लावणाऱ्यापासून ग्लास धुणाऱ्यापर्यंत सगळे बिनपगारी स्वयंसेवक.

जमत असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी या. तेव्हा गर्दी कमी असते, पिंपं भरलेली असतात आणि आतल्या माणसाला तुमच्याशी दोन शब्द बोलायला उसंत असते. शुक्रवारी संध्याकाळी नुसता गलका असतो. शनिवारी ज्या बिअरचा बोलबाला झाला, तिच्या पिंपावर 'संपली' अशी पाटी लटकलेली दिसते. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून जलद गाडी पकडली तर तासाच्या आत केंब्रिज येतं. स्टेशनापासून अर्धा-पाऊण तास पायी. गाडी आणू नका, सायकलही नको, पिऊन सायकल चालवणं इथे गुन्हाच आहे. बिअर घ्यायची तर वय 18 पूर्ण हवं. चेहरा तरुण दिसत असेल तर पासपोर्ट मागतात, त्यात राग मानण्यासारखं काही नाही.

येण्याआधी नीट जेवा. तंबूत खायला मिळतं, पण भुकेल्या पोटी पहिला थर्ड लागतो तो वेगळाच. पाणी फुकट मिळतं, प्रत्येक थर्डनंतर तेवढंच पाणी प्यायचं हा नियमच करून टाका.

पिंपाजवळ काय चालतं ते बघा

बहुतेक लोक पाट्या वाचतात, पिंपांकडे बघतच नाहीत. मला विचाराल तर आधी पाच मिनिटं काउंटरपाशी नुसतं उभं राहून पिंपं बघा.

मागच्या मांडणीवर आडवी ठेवलेली ती धातूची पिंपं म्हणजे फर्किन. एका फर्किनमध्ये 9 गॅलन, म्हणजे 72 पाइंट बिअर मावते. आतलं यीस्ट जिवंत असतं आणि शेवटचं आंबणं पिंपातच होतं. म्हणून ही पिंपं महोत्सवाच्या काही दिवस आधी आणून ठेवतात आणि एकदा ठेवली की हलवत नाहीत, म्हणजे गाळ पोटाशी खाली बसतो. वरच्या भोकात आधी सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात, तिच्यातून जास्तीचा गॅस हळूहळू निघून जातो. खुंटीभोवती फेस बुडबुडत असतो तोवर बिअर तयार नाही. तो शांत झाला की कठीण लाकडाची खुंटी बसवतात, म्हणजे उरलेला गॅस आतच राहतो. मग तोटी. तोटी बुचावर धरायची आणि लाकडी हातोड्याचा एकच जोरकस ठोका घालायचा. हात कचरला, ठोका हलका पडला की बिअरची चिळकांडी थेट अंगावर. तोटी बसल्यावर आमच्यातला एक जण थोडी बिअर ग्लासात काढतो, उजेडाकडे धरतो, वास घेतो, घोट घेतो आणि मान हलवतो. तेव्हाच तिच्या नावाची पाटी काउंटरवर लागते.

तोटीतून बिअर आपल्या वजनाने खाली येते, मध्ये पंप नसतो. म्हणून फेस बेताचाच असतो. फेस कमी म्हणजे बिअर शिळी असा अर्थ लावू नका. थंडपणाचंही तसंच. माझा मामेभाऊ पुण्याहून आला होता, पहिल्याच घोटाला म्हणाला, "ताई, ही तर गरम आहे गं!" पुण्यात 2009 मध्ये 'डुलाली' या मायक्रोब्रुअरीने ताजी बिअर विकायला सुरुवात केल्यापासून आपल्याकडच्या लोकांची जीभ बरीच तयार झाली आहे, पण उन्हाळ्यातून आलेल्या माणसाला बिअर थंडगारच लागते. त्याला म्हटलं, "गरम नाही रे, तळघरातल्या इतकी आहे. हातात धर आणि दोन मिनिटांनी परत पी." पिंपातली बिअर 11 ते 13 अंशांना चांगली लागते. त्याहून थंड केली तर वास दबतो आणि नुसता कडूपणा पुढे येतो. दुसऱ्या ग्लासापर्यंत त्याची तक्रार मावळली होती.

शाकाहारी मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. पिंपातला गाळ लवकर बसावा म्हणून बऱ्याच ब्रुअऱ्या आयसिंग्लास वापरतात, तो माशाच्या वायुपिशवीपासून बनतो. तो गाळाबरोबर तळाशी बसतो, पण ज्यांना चालत नाही त्यांना चालत नाही. अशांनी 'व्हीगन' किंवा 'अनफाइन्ड' लिहिलेल्या बिअर घ्याव्यात. त्यातल्या काही गढूळ दिसतात, ते त्यांचं रूपच आहे. पाटीवर काही लिहिलेलं नसेल तर बेधडक विचारा, हा प्रश्न आम्हाला रोज येतो.

चाखायचं कसं

फिकट रंगाकडून गडद रंगाकडे, कमी अल्कोहोलकडून जास्तीकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. साडेतीन-चार टक्क्यांच्या बिटरने किंवा माइल्डने (ते रंगाने गडद असलं तरी हलकं आणि कमी कडू असतं) सुरुवात करा, मग सोनेरी गोल्डन एल, मग आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, मग पोर्टर आणि स्टाउट या काळ्या बिअर. दहा टक्क्यांची बार्ली वाइन (नावात वाइन असली तरी बिअरच) शेवटी, तीही चौघांत एक थर्ड. आयपीए आधी प्यायलात तर हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा, कडूपणा जिभेवर असा बसतो की नंतरचं माइल्ड पाण्यासारखं लागतं.

आणि माइल्ड चुकवू नका. मे महिना कॅम्रा माइल्डसाठी राखते, आणि आपले लोक नेमकं तेच वगळतात, कारण नाव मिळमिळीत वाटतं आणि टक्के कमी दिसतात. इथल्या मिल्टन ब्रुअरीचं मिनोटॉर मिळालं तर घ्या, 3.3 टक्के. ग्लास उजेडाकडे धरा: वरवर काळं, कडेला माणकाची लाल झाक. ग्लास थोडा गोल फिरवून नाक आत घाला आणि दोन छोटे श्वास घ्या. मला त्यात आधी काळे मनुके येतात, मागून भाजलेलं काहीतरी, जरा जास्त लाल झालेल्या पोळीच्या कडेसारखं. पहिला घोट नुसता तोंड ओलं करायला. दुसरा घोट जिभेवर सगळीकडे फिरू द्या. गोडवा पुढे येतो, मग कोकोसारखा कोरडेपणा, आणि गिळल्यावर नाकातून श्वास सोडला की ज्येष्ठमधाची चव उरते. इतकं सगळं साडेतीन टक्क्यांच्या आत! ब्रुअरचं कसब इथे दिसतं, कारण अल्कोहोलच्या आड लपायला जागाच नसते.

चव लिहून ठेवा आणि आपल्या स्वयंपाकघराच्या शब्दांत लिहा. काकवी, चिक्की, भाजलेले धणे, संत्र्याची साल, करपलेला गूळ, ओलं गवत, कच्ची कैरी. इंग्रजी पुस्तकी शब्द पाठ करायची गरज नाही. मी कॅम्राच्या टेस्टिंग पॅनेलवर, म्हणजे चव पारखणाऱ्या गटात, बसते तेव्हा एका ओल्ड एलला "काकवी" म्हणाले, ती कशी असते ते समजावून सांगितलं, आणि शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी आपल्या कागदावर ती उतरवून घेतली. प्रत्येकाच्या नाकाची आठवण वेगळी, म्हणून तर पॅनेलवर वेगवेगळ्या घरांतली माणसं लागतात.

दोषही ओळखायला शिका, ते चवींपेक्षा सोपे आहेत. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा दाट वास, हिरव्या सफरचंदाचा वास, उकडलेल्या मक्याचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि व्हिनेगरचा आंबटपणा. मुद्दाम आंबट केलेल्या बिअर वेगळ्या, त्यांच्या पाटीवर तसं लिहिलेलं असतं. बाकी कुठे असा वास आला तर ग्लास तसाच काउंटरवर परत आणा आणि "आवडली नाही" म्हणण्याऐवजी कसला वास येतोय ते सांगा. आम्ही स्वतः चाखून बघतो, दोष असेल तर बदलून देतो आणि पिंप तपासतो. परत आणणारा माणूस आम्हाला हवाच असतो.

एक खेळ सांगते, तो मित्रांबरोबर जरूर खेळा. एकाने लांब जाऊन तीन छोट्या पेल्यांत बिअर आणायची, दोन पेल्यांत एकच, तिसऱ्यात तिच्या जवळपासची दुसरी. बाकीच्यांनी वेगळी कोणती ते ओळखायचं. ब्रुअऱ्यांमध्येही चाखणाऱ्यांची परीक्षा अशीच घेतात. मोठमोठ्या गप्पा मारणारे इथे गार पडतात आणि इतका वेळ न बोललेली वहिनी बरोबर ओळखते.

आयपीएच्या काउंटरवर आपला जुना संबंध आठवावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला जायची, 1820 नंतर बर्टन गावच्या ब्रुअऱ्या त्या धंद्यात उतरल्या. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालत. छावण्यांतले गोरे शिपाई मात्र काळी पोर्टरही भरपूर रिचवत.

अवॉर्ड म्हणजे काय

आता तुमच्या यादीतला तो प्रश्न. 'चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन' हा कॅम्राचा सर्वांत मोठा सन्मान, 1978 पासून चालत आलेला. त्याची सुरुवात गल्लीतल्या पबमध्ये होते. सभासद आपापल्या भागातल्या बिअरना मतं देतात, स्थानिक टेस्टिंग पॅनेलं शिफारस करतात, त्यातून प्रादेशिक फेऱ्यांसाठी बिअर निवडल्या जातात. प्रादेशिक विजेत्या अंतिम फेरीत जातात. माइल्ड, बिटर, गोल्डन एल, स्टाउट, बार्ली वाइन असे गट असतात, आणि गटांतल्या विजेत्यांमधून शेवटी एक सर्वोत्तम निवडतात.

चाखणाऱ्याला बिअरचं नाव कळू देत नाहीत, पेल्यावर नुसता आकडा असतो. आमच्याकडे पॅनेलवर पहिली पाच मिनिटं कोणी कोणाशी बोलत नाही, कारण एकाने "लोणी" म्हटलं की सगळ्यांना लोणी यायला लागतं. रंग, वास, चव, मागे उरणारी चव, सगळं आपापल्या कागदावर. चर्चा नंतर, आणि ती चांगलीच तापते.

जुन्या विजेत्यांची यादी बघितली की गुंग व्हायला होतं. यॉर्कशरच्या टिमोथी टेलर ब्रुअरीची लँडलॉर्ड चार वेळा: 1982, 1983, 1994 आणि 1999. एलंडची 1872 पोर्टर दोनदा, 2013 आणि 2023. आमच्या पूर्वेकडच्या भागातली वुडफर्ड्सची व्हेरी 1996 मध्ये आणि पीटरबरोच्या ओकमची जेएचबी 2001 मध्ये. या दोन्ही 3.8 टक्क्यांच्या साध्या, रोजच्या बिअर. 2007 मध्ये हॉबसन्सचं माइल्ड जिंकलं ते फक्त 3.2 टक्क्यांचं होतं, आणि 2011 मध्ये एसेक्सच्या मायटी ओकचं ऑस्कर वाइल्ड, तेही माइल्डच. ज्यांना कडक तीच भारी वाटते त्यांना मी हीच यादी दाखवते.

पदकाची पाटी दिसली तर तीन गोष्टी विचारा: कुठल्या वर्षीचं, कुठल्या गटातलं, आणि प्रादेशिक की अंतिम. बिअर ताजी प्यायची वस्तू आहे. दहा वर्षांपूर्वीचं सुवर्णपदक त्या ब्रुअरीचा हात चांगला आहे एवढं सांगतं, समोरच्या पिंपाबद्दल सांगायला तुमची जीभच हवी. आणि गटाचा विचार न करता दोन सुवर्णपदकांची तुलना करू नका. माइल्ड माइल्डशी लढून जिंकलंय, आयपीएशी नाही.

घरी बिअर बनवणाऱ्यांच्या स्पर्धांत बीजेसीपी या अमेरिकेतल्या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची 50 गुणांची पद्धत वापरतात. वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या पोताला 5 आणि एकंदर अनुभवाला 10. महोत्सवाला येताना हे आकडे वहीत लिहून आणा. रूपाला फक्त 3 गुण आहेत हे एकदा कळलं की माणूस फोटो काढणं थांबवून नाक पुढे करतो.

तुमचं मत

बऱ्याच कॅम्रा महोत्सवांत 'बिअर ऑफ द फेस्टिव्हल' पाहुण्यांच्या मतांवर ठरते. मतदान असेल तर मत दिल्याशिवाय परत जाऊ नका, आणि पहिल्या दोन ग्लासांनंतर नको, सगळं चाखून झाल्यावर वही चाळून द्या. लहान ब्रुअरीसाठी ही मतं फार मोलाची. त्या वर्षी तिचं पिंप पबवाले स्वतःहून मागवतात.

वर्षभरही मार्क देता येतात. कॅम्राचे सभासद पबमध्ये मिळालेल्या पिंपातल्या बिअरला 0 ते 5 गुण देतात, अर्ध्या गुणाचीही सोय आहे. 0 म्हणजे पिण्यालायक नाही, 3 म्हणजे चांगली, 5 क्वचितच. हे गुण पबने बिअर कशी राखली त्याचे आहेत, तुम्हाला ती शैली आवडते का याचे नाहीत. आयपीए न आवडणाऱ्यानेही नीट राखलेल्या आयपीएला 4 द्यायचे, ही शिस्त मला फार आवडते.

हिशेब मात्र ठेवा. इथल्या आरोग्य विभागाचा सल्ला आठवड्याला 14 युनिटच्या आत राहायचा आहे, एक युनिट म्हणजे 10 मिली शुद्ध अल्कोहोल. चार टक्क्यांचा एक थर्ड पाऊण युनिट, दहा टक्क्यांचा जवळपास दोन. म्हणजे चार टक्क्यांचे सहा थर्ड झाले की साडेचार युनिट होतात, आणि एका संध्याकाळी माझं तिथेच थांबतं. नंतर चीजच्या काउंटरवर जायचं. तिथे शंभर ग्रॅम स्टिल्टन आणि एक तुकडा जुना चेडर घ्या, पोर्टरचा शेवटचा अर्धा घोट स्टिल्टनसाठी राखून ठेवा. खारट निळी बुरशी आणि भाजलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या सातूचा, कडवटपणा एकत्र आले की काय होतं ते लिहून सांगता येत नाही.

निघताना ग्लास परत केला की डिपॉझिट मिळतं, ठेवायचा असेल तर घरी न्या. आणि पुढच्या वर्षी आत यावंसं वाटलं तर कॅम्राचं सभासद होऊन स्वयंसेवकांच्या यादीत नाव द्या. काम विचारतील तेव्हा पहिल्या वर्षी बिअरचा काउंटर मागा आणि एखाद्या जुन्या माणसाशेजारी उभं करा म्हणून सांगा. तोटी कशी उघडायची, पिंप संपत आलं की गाळ येण्याआधी कसं थांबायचं, हे तो पहिल्या तासात शिकवेल. साधे बूट घाला, बंद आणि न घसरणारे. जमीन संध्याकाळपर्यंत ओलीच असते.